जावयाचा गोपनीय अहवाल

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी चहा घेऊन मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं, आणि मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत सगळं विझलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चार-पाच सेकंद जीव धरायचा आणि मग खलास. तिसऱ्यांदा बटणाला हात लावायच्या आधी मी उठलो आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मशीन बिघडलं, असं माझ्या मनात आलंच नाही. कोणीतरी बिघडवलं, असंच आलं. आणि तो कोणीतरी त्या वेळी माझ्या डोक्यावरच्या खोलीत अर्धी चड्डी घालून येरझाऱ्या घालत कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. तो म्हणजे माझे जावई.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. एका सरकारी खात्याच्या गोपनीय शाखेत मी उभी नोकरी काढली. साहेब लोक हाताखालच्यांचे वार्षिक अहवाल लिहायचे. कोण वेळेवर येतो, कोणाची वागणूक कशी आहे, कोणाची सचोटी संशयास्पद आहे. माझं काम म्हणजे ते अहवाल लखोट्यात घालायचे, लाख लावायची, कपाटात ठेवायचे आणि किल्ली खिशात. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो समोर येऊन नमस्कार करायचा, चहा पाजायचा, आणि त्याच्या लखोट्यात काय आहे ते मला ठाऊक असायचं. असं इतकी वर्षं केल्यावर माणूस सरळ राहत नाही. आमची ही म्हणते, "तुम्ही रिटायर झाले, पण तुमचा शक अजून ड्यूटीवर आहे."

मुलीचं लग्न पुण्याच्या मुलाशी झालं. जावयांची बदली हैदराबादला, म्हणजे आमच्याच गावात झाली. मुलीची नोकरी आमच्या अंबरपेठपासून जवळ, म्हणून थोडे दिवस आमच्याकडे राहा, वरची खोली रिकामीच आहे, असं मीच म्हणालो. थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. ते आले त्या पहिल्याच महिन्याच्या अखेरीस मी कॉम्प्युटरवर सहज, हाताला चाळा म्हणून, त्यांचा अहवाल लिहिला. वक्तशीरपणा: असमाधानकारक, साडेनऊपर्यंत झोप. ज्येष्ठांशी वर्तन: वरकरणी नम्र. आहार: भाजीत साखर मागतात. सचोटी: निरीक्षणाधीन. लिहून झाल्यावर इतकं बरं वाटलं की पुढच्या महिन्यातही लिहिला. मग सवयच लागली. फाइलीला नाव दिलं 'वीजबिल', कारण वीजबिल उघडून बघण्याची हौस आमच्या घरात कोणालाच नाही.

कुलूप वगैरे काही घातलं नाही. गरज वाटली नाही. अहवाल मराठीत होते, आणि आमच्या घरात मराठी हेच कुलूप होतं. ही मराठी वाचते, पण कॉम्प्युटरला हात लावत नाही. मुलगी शिकली इंग्रजी शाळेत, सोबत तेलुगू आणि हिंदी. मराठी बोलते फर्डी, पण वाचायला दिलं की एकेक अक्षर लावत बसते आणि दुसऱ्या ओळीला कंटाळते. जावई मात्र पुण्याचे. ते मराठी पेपर उभ्या उभ्या वाचून टाकतात. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला तब्बल वर्ष लागलं. उभा जन्म गोपनीय शाखेत घालवलेल्या माणसाची ही अक्कल! पण तोवर बारा अहवाल लिहून झाले होते आणि मोडवत नव्हते.

त्यात गेले चार महिने माझा एकच संशय पक्का होत चालला होता. ही दोघं वेगळी निघणार. जावई गच्चीवर जाऊन फोन करायचे आणि मी कपडे वाळत घालायला गेलो की विषय बदलायचे. रद्दीत मला उंच इमारतींची छापील चित्रं मिळाली होती, त्यातल्या नकाशात एका घराभोवती पेनानं गोल केलेला. मुलीला विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाबा, ऑफिसात वाटत होते." ऑफिसात वाटतात त्याच्यावर पेनानं गोल कोण करतं? मी सगळं लिहून ठेवत होतो. तारीख, वेळ, पुरावा.

एकुलती एक मुलगी. ती गेली की खाली आम्ही दोघं आणि वर कुलूप. हे मला नको होतं. आणि जावयांनी ती फाइल वाचली तर त्यांना निघायला आयतं निमित्त मिळालं असतं. ज्या घरात आपल्यावर दर महिन्याला अहवाल लिहिला जातो तिथे कोण राहील? आमच्या हिनंसुद्धा त्यांचीच बाजू घेतली असती. म्हणून ते मशीन कोणाच्याही हाती लागता कामा नये, निदान त्यांच्या तर नाहीच.

आणि दसऱ्याच्या आधी आठच दिवस ते मला म्हणाले होते, "बाबा, हे फार जुनं झालंय. मी तुम्हाला एक लॅपटॉप देतो, हे मी घेऊन जातो." हे मी घेऊन जातो! ते वाक्य आता माझ्या डोक्यात फिरायला लागलं. मी दिलं नाही, म्हणून बंद पाडलं. बंद पडलं की म्हातारा देईलच.

मी माझा तपास सुरू केला. भिंतीचं बटण बंद करून पुन्हा लावलं. वायर बदलून टीव्हीची लावली. प्रिंटर काढला, माउस काढला. दर वेळी तेच, पंखा घरघरायचा, नाव यायचं, विझायचं. एकदा तर नाव यायच्या आधीच विझलं, तेव्हा वाटलं की मला चिडवतंय. संध्याकाळी मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या वर, मागच्या कडेला, एक आगपेटीची काडी आडवी ठेवली. ऑफिसात मी लखोट्यांच्या गठ्ठ्यावर असंच करायचो, कोणी हात लावला की कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी जमिनीवर.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो.

"माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

"मी," ही म्हणाली. "झाडू मारला. ती काडी तुम्ही टाकली होती का? घरभर काड्या टाकत फिरता."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोललेली मला आठवत नाही, पण जावयांवर तिचा जीव आहे, त्यांच्यासाठी ती बोलूही शकते. मी नवी काडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी बस पकडून नामपल्लीला गेलो. स्टेशनजवळच्या एका गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे, पूर्वी आमच्या ऑफिसची कामं करायचा. मशीन नेलं नाही. नुसता विचारायला गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातातलं काम न सोडता.

"साब, मशीन लाओ. देखे बगैर मैं क्या बोलूं?"

मी विचारलं, मशीन सुरू झालं नाही तरी आतलं कोणाला दिसू शकतं का?

"हौ. डिस्क निकालके दुसरे मशीन कू लगाए तो सब दिखता." मग त्यानं मान वर केली. "ऐसा क्या है साब अंदर?"

"घरचे कागद आहेत. मराठीतले," मी म्हणालो, म्हणजे त्याचा रस संपेल.

"अच्छा," तो हसला. "मेरी घरवाली नांदेड की है. मरेठी मैं भी अच्छी पढ लेता."

मी उठलोच. जाता जाता तो म्हणाला, "साब, पैले बटन देखो. बटन चिपक गया होंगा. चिपका तो मशीन समझता कि आप दबाके इच बैठे हैं, तो बंद हो जाता." मी पैसे विचारले तर म्हणाला, "नक्को साब, कुछ करा इच नईं."

परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होतो. दुरुस्तीवाला, पैसे नको म्हणतो? बटणासारखी क्षुल्लक गोष्ट सांगून मला वाटेला लावतो? ह्याला मशीन आणायलाच लावायचं आहे, नाहीतर ह्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलंय. अफझलगंजला बस बदलेपर्यंत माझी खात्री झाली होती की ह्याचे आणि जावयांचे काहीतरी लागेबांधे आहेत. दोघांची कधी भेट झाली असण्याची सुतराम शक्यता नव्हती, पण मला ते आड आलं नाही. घरी आल्यावर मी बटण बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. जावई, हातात स्क्रू-ड्रायव्हरची डबी आणि टॉर्च.

"बाबा, आई म्हणाल्या मशीन सुरू होत नाहीये."

मी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. ही कणीक मळत होती. "हौ, मी सांगितलं," ती तिथूनच म्हणाली. "चार दिवस झाले दार लावून बसता. जेवताना पण परेशान. कायको लपवायचं? घरात एवढा शिकलेला माणूस आहे."

"तुम्हाला कशाला त्रास," मी जावयांना म्हणालो. "सुट्टीचा दिवस."

"त्रास कसला, बाबा."

नाही म्हणायला कारण सुचेना. मी बाजूला झालो, पण खोलीबाहेर गेलो नाही. त्यांच्या मागे, अगदी मानेजवळ उभा राहिलो. आतली डिस्क म्हणजे कोणती ते मला माहीत होतं, पुस्तकाएवढी चपटी पेटी. त्यांनी तिला हात लावला की काय करायचं तेही ठरवलं होतं. छातीत दुखतंय म्हणून खाली बसायचं.

त्यांनी वायर काढली, स्क्रू काढून वाटीत ठेवले, कडेचा पत्रा उतरवला. आत दोन बोटं धूळ. ती फुंकून, कुंचल्यानं साफ केली. मग मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं पुसली, पुन्हा बसवली. लावून पाहिलं. पंखा, दिवा, नाव, अंधार. मग त्यांनी आतल्या वायरींची टोकं एकेक करून काढून बसवली. तेच. त्यांनी डिस्कला एकदाही हात लावला नाही, आणि याचाही मला संशय आला. मुद्दाम लावत नाहीत, म्हटलं. मला बेसावध करतायत.

मग ते डब्याच्या पुढच्या बाजूला वाकले आणि बटणावर टॉर्च मारला.

"बाबा, हे लाल काय आहे?"

मी वाकून पाहिलं. आणि मला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळी, हातोडी, शिलाईचं मशीन, स्कूटर, आणि गेली काही वर्षं कॉम्प्युटरही. इथे तर रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना हार पडतात. दरवर्षी मी कॉम्प्युटरला कोरडं हळद-कुंकू वाहतो. ते त्या गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाही, आरती होईपर्यंत गळून पडतं. यंदा जावयांनी आपल्या लॅपटॉपवर एक झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि झाली पूजा. ते पाहून मला चेव आला. पूजा कशी करतात ते दाखवतो, म्हटलं. मी कुंकू गुळाच्या पाण्यात घट्ट कालवलं आणि टिळा लावायला डब्यावर एकच गोल जागा दिसली, तिथे अंगठ्यानं ठसठशीत लावलं. ते बटण होतं. गूळ कडेनं आत उतरला, दसऱ्यापर्यंत ओला होता म्हणून बटण चाललं, मग वाळला आणि बटण आतल्या आत धरून बसलं. नामपल्लीच्या त्या माणसानं न बघता सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं.

"गूळ आहे," मी म्हणालो. "मीच लावला."

जावई हसले नाहीत. त्यांनी कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळला आणि बटणाची कड पुसायला घेतली. आतून दोन मुंग्या निघाल्या. बराच वेळ पुसून, वाळवून, बोटानं पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. आता बटण टकटक वाजत वर येत होतं. वायर लावली. पंखा घरघरला, नाव आलं, आणि या खेपेला ते विझलं नाही. पुढेमागे नातवंडं झाली की त्यांचे फोटो लावायचे म्हणून रिकामी ठेवलेली निळी भिंत पडद्यावर उभी राहिली.

इथे मी जे केलं त्याला क्षमा नाही. चार दिवस मी डोळ्यांत तेल घालून ती फाइल राखली होती. पण मशीन सुरू होताच मला दुसरं काही सुचलं नाही, फाइल शाबूत आहे का एवढंच. जावई शेजारी टॉर्च धरून वाकलेले, हे मी साफ विसरलो. 'वीजबिल' उघडलं आणि शेवटचं पान उडालं नाही ना ते बघायला थेट शेवटी गेलो.

शेवटचं पान दसऱ्याच्या संध्याकाळचं होतं. मला वाटत होतं की या फाइलीत लपवण्यासारख्या आहेत त्या शिव्या. साडेनऊची झोप, भाजीतली साखर, वरकरणी नम्रपणा. पण त्या पानावर तसलं काही नव्हतं. अहवालाच्या शेवटी शेरा असतो, तेवढाच लिहिला होता, मोठ्या अक्षरांत, कारण हल्ली मला बारीक दिसत नाही. 'ही दोघं जाणार. वरची खोली बंद राहील. मला फार भीती वाटते. हिला कसं सांगू?'

त्यांचे डोळे त्या ओळींवरून गेलेले मी पाहिले. एकदाच, सरळ, न अडखळता. मी फाइल बंद केली, पण तोवर वाचून झालं होतं. मला त्या क्षणी वाटलं, यापेक्षा बाकीचे चोवीस अहवाल वाचले असते तर परवडलं असतं. शिव्या देणारा सासरा चालतो. घाबरलेला सासरा जावयाला दिसावा याची मला मनापासून लाज वाटली.

त्यांनी पत्रा बसवला, स्क्रू एकेक करून पिळले. वाटी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. "बाबा, पुढच्या वर्षी कुंकू कोरडंच," एवढंच म्हणाले आणि वर गेले. थोड्या वेळानं वरून दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं. शब्द कळत नव्हते. मुलीचा आवाज चढला, मग उतरला. मी छताकडे बघत बसलो. आता निमित्त मिळालं, म्हटलं. आता बॅगा भरतील.

संध्याकाळी चहाला दोघं खाली आली. मुलगी माझ्यासमोर बसली. तिनं कपाला हात लावला नाही.

"बाबा, अजून तसं काही ठरलं नाहीये, पण आम्ही विचार..."

"ठरलंय," जावई म्हणाले. तिच्याकडे न बघता, माझ्याकडे बघून. "बाबा, ठरलंय. माझ्या ऑफिसजवळ घर घेतलंय. दिवाळीनंतर आम्ही जातोय. चार महिने झाले ठरून. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

ही उठून उभी राहिली आणि परत बसली. माझा एकेक पुरावा खरा निघाला होता. गच्ची, रद्दी, पेनाचा गोल. आयुष्यात इतका अचूक तपास मी कधी केला नव्हता, आणि मला भडभडून येत होतं.

"मग का नाही सांगितलं?" मी विचारलं.

उत्तर मुलीनं दिलं. "भ्यायलो बाबा."

"कोणाला?"

"तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही असे बघता ना, आम्ही काही बोलायला आलो की. जसं आम्ही चोरीच करून आलोय. मी तीनदा जिना उतरले सांगायला. तीनदा परत वर गेले."

मला कोणी भ्यावं असं माझ्यात काय आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तर त्यांना भीत होतो. चार महिने त्या जिन्याच्या वर ती दोघं आणि खाली मी, एकमेकांना भिऊन गुपचूप वावरत होतो, आणि मधल्या मध्ये ही सगळ्यांना गरम पोळ्या वाढत होती.

मला काय म्हणायचंय ते लिहायला सांगितलं असतं तर मी एका बैठकीत लिहून दिलं असतं. तोंडानं म्हणायला जीव गेला. "तुम्ही जायला नकोय मला," मी म्हणालो. "भीती वाटते. हिला एकटीला घेऊन मी काय करू इथे?"

ही माझ्याकडे बघत होती, या माणसाला आपण आज पहिल्यांदाच बघतोय असं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मला घेऊन काय करायचं म्हणजे? मला काय वाटतं, विचारलं का कधी?"

मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि लहानपणी बसायची तशी खुर्चीच्या हातावर बसली. जावयांनी माझा गार झालेला कप उचलला आणि चहा गरम करायला आत नेला.

दिवाळीनंतर ती दोघं गेलीच. मी म्हणालो म्हणून राहिली नाहीत, आणि तसं मी धरलंही नव्हतं. सामान गाडीत चढवताना मुलगी रडली, मीही रडलो, सगळ्या गल्लीसमोर.